साळूचं वचन

१० नोव्हेंबर १९३५, रविवार
कामथडी

आजचा उपदेश सव्वा तास चालला. विषय धीराचा होता. बारा घरांपैकी अकरा घरं हजर होती आणि पेंगणारे फक्त दोघे, म्हणजे आमच्या मंडळीच्या मानाने चांगलंच म्हणायचं. साळू मात्र दुसऱ्या गीतालाच उठून बाहेर गेली. शाळेची खोली हीच आमचं रविवारचं प्रार्थनाघर. खिडकीबाहेर कुंपणाशी बसलेल्या तिच्या छातीची घरघर आत ऐकू येत होती. लोकांचं लक्ष तिकडे जाऊ लागलं, म्हणून मी आवाज चढवला.

दम्याचं हे चौथं वर्ष. मिशनच्या दवाखान्यातलं तांबडं औषध झालं, आडुळसा झाला, धोत्र्याच्या पानांचा धूर झाला. घरात आम्ही दोघंच, मूलबाळ नाही, त्यामुळे तिची धाप हाच घरातला आवाज. नव्या वर्षात मला पाळकपदाची दीक्षा मिळायची आहे. पंधरा वर्षं शाळामास्तर आणि उपदेशक म्हणून काढली, आता पुण्याच्या मिशनसाहेबांनी नाव पुढे पाठवलं आहे. पाळकाच्या बायकोने मंडळीत पुढे बसून गायला हवं. हे मी तिला बोललो नाही. तिला कळतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या उपदेशासाठी वेल्ह्याकडे निघायचं. दहा दिवस, पायी. साळू म्हणाली, "माझी काळजी करू नगा. धाप लागली तर बसंल हितंच." तिने चटणी-भाकरी बांधून दिली आणि बांधतानाच दोनदा खाली बसली. मी रोज पहाटे तिच्यासाठी प्रार्थना करीन असं तिला सांगितलं. तिला धीर आला असावा.

२३ नोव्हेंबर, शनिवार

देवाची स्तुती असो! दुपारी वेल्ह्याहून परत येतो तर समोरून साळू ओढ्यावरून डोक्यावर हंडा घेऊन येत होती. चढावर. न थांबता. मी रस्त्यातच उभा राहिलो. म्हणाली, "आसं काय बघताय? हंडाच हाय." चार वर्षांत तिने घरापर्यंत हंडा आणला नव्हता. मी आणत होतो, आणि मास्तर बायकांची कामं करतो म्हणून गावात हसू होत होतं.

वेल्ह्याकडे माझं फारसं कुणी ऐकलं नाही. एका वाडीत तर मी बोलत असताना माझ्यासमोरच म्हैस व्याली आणि सगळे तिकडे धावले. पण रोज पहाटेची प्रार्थना मी चुकवली नव्हती, आणि ती इथे घरी ऐकली गेली. मी तिला तसं म्हटलं. ती काहीतरी बोलणार होती, पण भाकरी करपत होती.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज मी मंडळीपुढे साक्ष दिली. प्रार्थनेने रोगी कसा बरा होतो ते दुसरीकडे शोधायला जाऊ नका, ही माझी बायको बघा, असं सांगितलं. साळूला उभं केलं. ती मान खाली घालून उभी राहिली. बायकांनी डोळे पुसले. इतकी परिणामकारक उपासना या वर्षात झाली नव्हती.

उपासना संपल्यावर कुंडलिक मागे थांबला. कुंडलिक आमच्या मंडळीचा पंच. रघुवीरपंतांच्या मळ्यात मोट हाकतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीची बातमी ठेवतो. म्हणाला, "मास्तर, रागावू नगा. प्रार्थना खरीच. पन बाई धा दिस झालं रोज सकाळी पंतांच्या अंगनात नाक धरून बसत्यात. पंत वसरीवरनं सांगत्यात आन बाई खाली गोणपाटावर. म्या सोता बघितलं."

मी त्याला घरी जायला सांगितलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

साळूने काहीच लपवलं नाही. मी गेलो त्या दुसऱ्या दिवशी ती शेण गोळा करताना पंतांच्या बांधावर धाप लागून पडली. पंतांनी पाहिलं. भोरच्या संस्थानच्या कचेरीतून पेन्शन घेऊन आल्यापासून ते रोज आसनं, प्राणायाम करतात. त्यांनी तिला ताठ बसवलं, एक नाकपुडी मिटून दुसरीने सावकाश श्वास घ्यायला लावला, आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. चौथ्या दिवसापासून तिला रात्री आडवं पडता येऊ लागलं.

"काल सभेत का बोलली नाहीस?"

"तुमी यवढ्या आनंदात व्हता. मदीच कसं बोलू?"

मी विचारलं, श्वास मोजताना पंत काय म्हणायला सांगतात? ती म्हणाली, "ते म्हणलं ओम म्हण. म्या म्हणलं, मला न्हाई जमायचं, म्या ख्रिस्ती. मग म्हणलं, तुला जमंल ते म्हण. म्या आत घेताना येशू म्हणती, सोडताना दया कर म्हणती. दया कर लांबवता येतं."

हे तिने अगदी सहज सांगितलं, हळद किती घालायची ते सांगावं तसं. मी तिला समजावलं की नाव कुणाचं घेतो एवढ्याने भागत नाही, रीत कुणाची आहे तेही पाहावं लागतं. परक्या देवळात बसून आपल्या प्रभूला हाक मारली तर ती भक्ती शुद्ध राहत नाही. ती म्हणाली, "देऊळ कुठं? अंगन हाय त्ये."

२७ नोव्हेंबर, बुधवार

पंतांकडे गेलो. माझ्या बापाला याच अंगणाच्या कडेला उभं राहून बोलावं लागे, आणि त्याच्या हातावर पाणीसुद्धा वरून पडे. पंत स्वतः तसे नाहीत, त्यांनी "या मास्तर" म्हटलं, ओसरीवर बसायचा आग्रह केला. मी उभाच राहिलो. साळूचं गोणपाट खाली घडी करून ठेवलेलं होतं. त्याचा मला राग आला. तिला मात्र वर बोलावलं नव्हतं.

मी म्हटलं, "पंत, मला एकच सांगा. हा नुसता व्यायाम आहे ना? तालमीत जोर काढतात तसा?"

मला त्यांच्याकडून हो हवं होतं. हो म्हणाले असते तर मी घरी येऊन गप्प बसलो असतो.

त्यांनी चष्मा काढला. पुसला. "तुमच्याशी खोटं बोलवत नाही, मास्तर. आमच्यासाठी तो नुसता व्यायाम नाही. ईश्वराकडे जायची ती वाट आहे, प्राणायाम ही तिच्यातली एक पायरी. मी स्वतः त्याच भावनेने करतो. पण तुमच्या बायकोला मी वाट दाखवली नाही. तिचा जीव गुदमरत होता, तेवढंच पाहिलं. पायरीवर कुणी टेकायला बसलं म्हणून ते देवळात गेलं असं होत नाही."

मी म्हटलं, "आम्ही पायरीवर बसणारे लोक नाही."

परत येताना मला वाटत होतं की मी चोख उत्तर दिलं. आता लिहिताना तसं वाटत नाही.

२ डिसेंबर, सोमवार

पुण्याला साहेबांना सविस्तर पत्र लिहिलं. योगाची रीत आणि ख्रिस्ती विश्वास यांचा मेळ बसतो की नाही, सात पानं. उलट टपाली त्यांच्या कारकुनाचं कार्ड आलं तर कळेल, पण साहेब नगरकडे दौऱ्यावर आहेत असं ऐकतो. जानेवारीच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीने मंडळीने एकत्र भाकर आणि पेला घ्यायचा. कुंडलिक आज सहज म्हणाला, "मास्तर, गेल्या साली गेनबाला तुमी प्रभुभोजन बंद केलं, म्हसोबाला नारळ फोडला म्हणून. मंडळी आता इचारत्यात."

गेनबाचं प्रकरण वेगळं होतं. वेगळं कसं ते मला लगेच सांगता आलं नाही.

माझ्या दीक्षेचा या सगळ्याशी काही संबंध नाही. हे मी स्वतःला नीट तपासून लिहितो आहे.

१५ डिसेंबर, रविवार

कार्ड आलं, साहेब नाताळानंतर परततील. थांबता येईना. आज उपदेश केला. विषय: दोन वाटांवर एकाच वेळी चालणारा. मी कुणाचं नाव घेतलं नाही. शरीराला बरं वाटणं हाच खरेपणाचा पुरावा मानला तर उद्या कुठल्याही दगडापुढे बसावं लागेल, असं म्हणालो. दुखणं सोसून विश्वास राखला तर ते सोसणंही देवाला अर्पण होतं, असंही म्हणालो. या वाक्याला माझाच आवाज भरून आला. सगळ्या खोलीत साळूइतकं कान देऊन कुणी ऐकत नव्हतं. तिचे ओठ हलत होते, पाठ करत असल्यासारखे.

१६ डिसेंबर, सोमवार

साळू आज पंतांकडे गेली नाही. घरीही नाक धरून बसली नाही. मी काही न बोलताच. किती हलकं वाटलं! दुपारी तिला गुळाची ढेप आणून दिली. म्हणाली, "ह्ये कशापायी?" मी म्हटलं, सहज.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. करंज्या छान झाल्या होत्या. शेवटचा घाणा मी तळला.

४ जानेवारी १९३६, शनिवार

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आमच्यात तयारीची सभा असते. ज्याच्या मनात काही असेल त्याने उभं राहून मंडळीपुढे कबूल करायचं. साळूने उभं राहावं असं मीच सुचवलं होतं. तोंडं बंद होतील आणि उद्या ती सगळ्यांबरोबर बसू शकेल. दोन वाक्यं मी तिला सांगून ठेवली होती.

ती उभी राहिली. खांबाला धरून. "म्या साळूबाई, आनंदराव मास्तरांची बायकू. म्या दुसऱ्या वाटंला लागले व्हते. आजपासनं त्या रीतीनं म्या श्वास घ्यायची न्हाई. बरं वाटावं म्हणून न्हाई, आन जीव जायला लागला तरी न्हाई. देवा, ह्ये तू ऐक."

'बरं वाटावं'पासून पुढचं मी दिलेलं नव्हतं. ते तिने स्वतःचं घातलं. कुंडलिकसुद्धा मान डोलवत होता. मला अभिमान वाटला, आणि मी त्यावर आमेन म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने.

५ जानेवारी, रविवार

प्रभुभोजन झालं. साळू पहिल्या रांगेत. भाकरीचा तुकडा गिळताना तिला ठसका लागला आणि पेला हातातच राहिला.

१९ जानेवारी, रविवार

थंडी फार. चार दिवस साळू निजलेली नाही. ज्वारीच्या कणगीला पाठ टेकून बसते, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर. ओठ निळसर दिसतात. दवाखान्यात पूड दिली, तिने छाती धडधडते, धाप तेवढीच. उपासना दहा मिनिटांत आटोपली. काय बोललो आठवत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

साहेबांचं पत्र आलं. दीक्षा १६ फेब्रुवारीला पुण्यात. त्याबद्दल दीड पान. खाली माझ्या सात पानांना चार ओळींचं उत्तर: श्वासोच्छ्वासाच्या व्यायामात पाप नाही, मन प्रभूवर असल्यास तो करण्यास हरकत दिसत नाही. पुण्यातल्या रुग्णालयात आमच्या नर्सही दमेकऱ्यांना तसंच काही शिकवतात. बाईंना प्रकृतीसाठी शुभेच्छा.

मी धावत आत गेलो. पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, मग पुन्हा. म्हटलं, "साळू, बस. आत्ता बस. हरकत नाही म्हणतात!"

तिला बोलायला वेळ लागला. दोन शब्द, मग धाप, मग दोन शब्द. "सायबानी परवानगी दिली. बरं झालं. पन म्या कुठं सायबाला इचारलं व्हतं? म्या देवाला म्हणलं, तू ऐक."

"ते वचन मी द्यायला लावलं. माझी चूक झाली, साळू."

"तुमची चूक झाली आसंल. माझं खरं व्हतं."

मी तिच्यासमोर बसून रडलो. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या हाताला थंडगार घाम होता.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मी मंडळीपुढे उभा राहिलो. मी चुकलो, घाईने बोललो, वेल्ह्याच्या प्रार्थनेची बढाई मारली होती म्हणून मला माघार घेता आली नाही, सगळं सांगितलं. बढाईचं इथे वहीत याआधी मी लिहिलेलं नाही. तिथे उभं राहिल्यावर ते तोंडातून आलं.

मला वाटलं होतं निदान कुणी रागावेल. कुंडलिक म्हणाला, "मास्तर, मानूस हाय, चुकतंय," आणि सगळ्यांनी हो म्हटलं, आणि गीत सुरू झालं. पाच मिनिटांत माझी क्षमा झाली.

साळूला कुंडलिकच्या सुनेने पाट टाकून दाराशी बसवलं होतं. घरी आल्यावर म्हणाली, "समद्यानी माफ केलं की तुमास्नी. मला लई बरं वाटलं." मी म्हटलं, मग आता तू पण सोड. तिने मान हलवली. मग मी नको ते केलं. नवरा म्हणून हुकूम केला. त्यावर ती हसली, हसताना उबळ आली, ती ओसरल्यावर म्हणाली, "तुमीच शिकवलंय न्हवं, देवापुढं नवऱ्याचं काय चालत न्हाई."

हो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, ती माहेरच्या देवीला जाऊ नये म्हणून.

१६ फेब्रुवारी, रविवार
पुणे

दीक्षा झाली. साळूला मोटारीत बसवणं शक्य नव्हतं. डॉक्टर कामथडीला यायला तयार नाहीत, तिला इथे आणा म्हणतात. साहेबांना मी विचारलं, आता मी पाळक आहे, तिने देवाला दिलेलं वचन मला सोडवता येईल का? ते दयाळूपणे म्हणाले की कुणाच्या अंतःकरणावर पाळकाची सत्ता नसते, आणि आपली मंडळी इतर मंडळ्यांहून वेगळी आहे ती याच बाबतीत. मीही हे कितीदा शिकवलं आहे. लोकांनी हार घातला. तो पिशवीत तळाशी ठेवला.

२० फेब्रुवारी, गुरुवार
कामथडी

सकाळी पंतांकडे गेलो. म्हटलं, मला शिकवा. पंत म्हणाले, "तुम्हाला?" मी सगळं सांगितलं. ते उठले, अंगणात आले आणि माझ्या शेजारी मातीवर बसले. असं त्यांच्या घराण्यात कुणी केलं नसेल. मला त्याचं काही वाटलं नाही, तीन महिन्यांपूर्वी फार वाटलं असतं. त्यांनी बोटं कशी धरायची ते दाखवलं. शेवटी म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी मी नुसता व्यायाम आहे असं म्हणायला हवं होतं का?" मी म्हटलं, नाही.

माझा बेत असा आहे. तिला काही सांगायचं नाही, विनवायचं नाही. तिच्यासमोर बसून मी श्वास घ्यायचा. दोन माणसं बरोबर चालू लागली की पावलं आपोआप जुळतात. तिने काही केलं असं होणार नाही. वचन मोडणार नाही.

१ मार्च, रविवार

आजची उपासना कुंडलिकला घ्यायला सांगितली. शाळेतून गीत ऐकू येत होतं. साळू कणगीला टेकून होती, दारातून ऊन तिच्या पायांवर आलेलं. मी समोर बसलो. डावी नाकपुडी मिटली. आत घेताना येशू, सोडताना दया कर. मोठ्याने नाही, पण ओठ दिसतील एवढं.

ती बघत राहिली. दहा-बारा वेळा झालं असेल. मग मला ऐकू येऊ लागलं. तिची घरघर लांबत होती. माझ्या सोडण्याबरोबर तिचं सोडणं. खांदे खाली आले. तोंडावर, किती आठवड्यांनी, थोडा रंग दिसला. मी डोळे मिटले, देवा, आता कुणी हलू नये, असं मनात म्हटलं.

आणि तिच्या लक्षात आलं. मी डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडेच पाहत होती. रागाने नाही. तिने तोंड दाराकडे फिरवलं आणि मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागली, मुद्दाम, भराभर, मध्येच तोडून, म्हणजे श्वास माझ्याबरोबर लागणार नाही. "आमच्या... स्वर्गातल्या... बा..." पुढचं फुटेना. उबळ आली. मी उठून पाठ धरली, पाणी पाजलं, ते ओघळलं. बऱ्याच वेळाने ती पुन्हा कणगीला टेकली. मी काय करावं कळेना, म्हणून पुन्हा समोर जाऊन बसलो, आणि दुसरं काही येत नसल्यामुळे तेच करू लागलो.

तिने थोडं निरखलं. मग कौतुकाने म्हणाली, एकेक शब्द तोडत, "तुमास्नी... चांगलं... जमतंय की."

जमतच होतं. माझा श्वास अगदी मोकळा येत-जात होता.